जुन्या गाडीच्या दुरुस्त्यांचा माग कसा काढावा

जुनी गाडी विकणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य हमखास ऐकवतो: "काहीच काम निघालेलं नाही हो गाडीचं!" दहा-बारा वर्षं आणि लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीबद्दल हे खरं असेल, तर काळजीच करायला हवी. क्लच प्लेट झिजते, बेल्ट जुना होतो, कूलंटचा गुण जातो, सस्पेन्शनचे रबरी बुश फाटतात. ही कामं मागच्या मालकाने केली नसतील तर ती तुमच्यासाठी शिल्लक ठेवलेली आहेत. तेव्हा दुरुस्त्या झाल्या आहेत म्हणून बिचकू नका. कोणत्या झाल्या, किती किलोमीटरला झाल्या आणि धड झाल्या का, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

हा शोध दोन ठिकाणी चालतो: कागदांत आणि गाडीच्या अंगावर. कागद खोटा बनवता येतो, पत्राही रंगवता येतो. पण दोघांकडून एकच खोटं वदवून घेणं फार अवघड. नवशिक्यांची चूक अशी होते की ते कागद पाहून खूश होतात किंवा नुसती गाडी पाहून. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

आधी वही उघडा

गाडीकडे जाण्याआधी वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काम, पुरावा. पुढे जे काही सापडेल ते सगळं याच पानावर, तारखेच्या क्रमाने. "दोन वर्षांपूर्वी क्लच केला" असं मालक तोंडी म्हणाला तरी लिहा, फक्त पुराव्याच्या रकान्यात "तोंडी" असं नोंदवा.

यातला किलोमीटरचा रकाना सगळ्यात मोलाचा. कामाचं नाव चुकीचं लिहिलं जाऊ शकतं, तारीख पुसट असू शकते, पण गॅरेजवाला गाडी घेताना मीटरचा आकडा सहसा लिहितोच. तो आकडा दर कागदावर वाढत गेला पाहिजे. १ लाख १० हजारांच्या बिलानंतर आठ महिन्यांनी ९२ हजारांचं बिल आलं, तर एक तर कुणी आकडा चुकवला, नाहीतर मीटर मागे फिरवलं. पुढचे-मागचे कागद पाहिले की दोन्हींतलं काय झालं ते बहुधा कळतं: एकटाच आकडा वेडावाकडा असेल तर लिहिण्यातली चूक, आणि तिथून पुढचे सगळेच आकडे खाली आले असतील तर फेरफार.

चॅसिस नंबर: प्रत्येक कागदाची किल्ली

नंबरप्लेट बदलते, मालक बदलतो, रंगही बदलतो. चॅसिस नंबर मात्र गाडीसोबत शेवटपर्यंत राहतो. १९८१ च्या सुमारापासून तो बहुतेक ठिकाणी १७ अक्षरा-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. कागदावरच्या नंबरात यांपैकी एखादं दिसलं, तर लिहिणाऱ्याची चूक तरी आहे किंवा लबाडी. पहिली तीन अक्षरं उत्पादक सांगतात. दहावं अक्षर बऱ्याच कंपन्यांत मॉडेलचं वर्ष सांगतं, सगळ्यांत नव्हे. आणि तीच अक्षरं तीस वर्षांनी पुन्हा येतात: 'बी' म्हणजे १९८१ किंवा २०११. गाडीकडे पाहून यातलं कुठलं ते कळायला हरकत नसावी.

हा नंबर गाडीवर एकाहून जास्त ठिकाणी असतो: काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, बॉनेटखाली किंवा सीटखाली पत्र्यात ठोकलेला. सगळीकडे वाचा. दाराच्या खांबावरचं स्टिकर नाहीसं झालं असेल तर तो खांब बदलला किंवा रंगवला असण्याची शक्यता धरा. इंजिन नंबरही नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहा. इंजिन बदललेलं असेल तर त्याआधीच्या इंजिनाची सगळी बिलं निकालात निघाली.

आता माझी गंमत सांगतो. एका गाडीसोबत मला क्लच बदलल्याचं झकास बिल मिळालं होतं: भाग, मजुरी, तारीख, शिक्का, सगळं जागच्या जागी. तीन महिन्यांत क्लच घसरू लागला. तेव्हा बिल पुन्हा काढून पाहिलं, तर त्यावरच्या चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे वेगळेच! मालकाच्या घरात त्याच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या आणि बिलं एकाच पिशवीत पडलेली. फसवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तेव्हापासून मी बिलावर आधी नंबर पाहतो, मग काम.

बिलं आणि सर्व्हिस बुक कसं वाचायचं

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांना लोक फार भुलतात. शिक्का एवढंच सांगतो की गाडी त्या दिवशी तिथे आली होती. काय केलं ते जॉब कार्डात (गॅरेजने कामं लिहिलेला कागद) आणि बिलात असतं. बुक हातात आल्यावर आधी शाई पाहा. सहा वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच तिरकसपणाने लिहिलेल्या असतील तर त्या एका बैठकीत झालेल्या आहेत. खरं बुक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून मळतं, त्यावर तेलकट बोटं उमटतात, कोपरे दुमडतात. शेवटच्या पानावर छपाईचं वर्ष असेल तर तेही बघा. पहिला शिक्का छपाईच्या आधीचा निघाला तर बुक मागाहून आणलेलं.

बिल वाचताना चार गोष्टी तपासा.

भाग आणि मजुरी दोन्ही आहेत का? नुसतं सुट्या भागाचं बिल म्हणजे तो भाग विकत घेतला, बसवला असं नाही.

जोडीचे भाग आहेत का? टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदलणारा जाणता मेकॅनिक त्याच वेळी तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पुली बदलतो, आणि बेल्टवर चालणारा असेल तर बहुधा वॉटर पंपही, कारण पुन्हा तेवढंच खोलायला लागतं. नुसता बेल्ट लिहिलेला असेल तर काम अर्धवट झालं असं धरून चाला. हेड गॅस्केटच्या (इंजिनाचं हेड म्हणजे वरचा भाग, त्याखालचं सील) बिलात हेडचं फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, नवे बोल्ट, कूलंट दिसायला हवं.

ऑइल किती लिटर? ही युक्ती फार कमी लोक वापरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलचं माप दिलेलं असतं. मॅन्युअल पाच लिटर सांगतं आणि बिलात फिल्टरसकट साडेतीन लिटर दिसतात, तर ते बिल दुसऱ्या गाडीचं आहे किंवा काम नीट झालेलं नाही.

आणि गाडी गॅरेजमध्ये किती दिवस होती? सकाळी देऊन संध्याकाळी घेतलेल्या गाडीचं पूर्ण इंजिनकाम होत नाही.

बऱ्याच नव्या गाड्यांत छापील बुक नसतं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी संगणकावर राहतात. त्या मालकाने मागितल्या तर सहसा मिळतात, तिऱ्हाइताला देतीलच असं नाही. म्हणून विकणाऱ्यालाच नम्रपणे सांगा: "तुम्ही एकदा सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरीची प्रिंट काढून आणाल का?" त्यावर तो काय म्हणतो, याकडेही लक्ष असू द्या.

बाहेरच्या नोंदी

गाडी कुठे वापरली गेली त्यावर काय मिळेल ते अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये एमओटी या, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते पाहणाऱ्या वार्षिक चाचणीच्या २००५ पासूनच्या नोंदी ऑनलाइन आणि फुकट पाहता येतात. त्यात मीटरचा आकडा असतो आणि गाडी नापास झाली असेल तर कशामुळे तेही. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' ही व्यवस्था आहे, तिच्याकडे गॅरेजना प्रत्येक कामाच्या वेळचे किलोमीटर कळवावे लागतात. अमेरिकेत विमा कंपनीने 'टोटल लॉस' (दुरुस्त करणं परवडणार नाही अशी) ठरवलेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर बहुतेक राज्यांत तसा शेरा पडतो. जपानमधून आयात झालेल्या गाडीसोबत लिलावाचा तक्ता येऊ शकतो. त्यावर कुठे ओरखडा, कुठे पत्रा बदललेला, याची खुणांची भाषा असते आणि मोठी दुरुस्ती झालेल्या गाडीला 'आर' किंवा 'आरए' अशी श्रेणी देतात.

नोंद नाही म्हणजे अपघात नाही, असं मात्र समजू नका. विम्याकडे न जाता रोखीने केलेली दुरुस्ती कुठल्याच यादीत येत नाही.

रिकॉल वेगळा तपासा. कंपनीने सदोष भाग फुकट बदलून द्यायला गाड्या परत बोलावल्या असतील तर चॅसिस नंबरावरून ते कळतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल मोटार उद्योगातला आजवरचा सगळ्यात मोठा: जगभरात सुमारे दहा कोटी एअरबॅग. त्यांतलं एअरबॅग फुगवणारं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणात राहून बिघडत असे आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत. २००० नंतरच्या दशकातल्या गाड्यांत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर होता, म्हणून त्या वयाची गाडी घेताना ही चौकशी टाळू नका. काही सरकारी संकेतस्थळांवर फक्त बाकी राहिलेले रिकॉल दिसतात. काम पूर्ण झालेलं असेल तर तिथे काहीच दिसत नाही. तेव्हा काम झाल्याचा कागद मागा.

मेकॅनिकशी बोलणं

बिलावर गॅरेजचं नाव असेल तर मालकाला विचारून तिथे जा. "गाडीचा ॲक्सिडेंट झाला होता का?" असं थेट विचारलं की मेकॅनिक सावध होतो, त्याचं जुनं गिऱ्हाईक आहे, तो त्याला अडचणीत आणणार नाही. त्यापेक्षा विचारा: "या गाडीचं सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं काम कुठलं?" किंवा "ही तुमच्या घरची असती तर पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही काय केलं असतं?" आपल्या हातच्या अवघड कामाबद्दल कारागीर मोकळेपणाने बोलतो. "पुढचा साइड मेंबर खेचून सरळ करताना दोन दिवस गेले हो" हे वाक्य मी असंच मिळवलं होतं (साइड मेंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा लांब दांडा), आणि मालक तर म्हणाला होता की फक्त बंपर घासला गेला.

पत्रा काय सांगतो

आता गाडीच्या अंगाकडे. दिवसा, कोरडी आणि धुतलेली असताना पाहा. पावसाचं पाणी आणि रात्रीचा दिवा दोन्ही रंगातले दोष झाकतात.

दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी डाव्या-उजव्या बाजूला सारख्या आहेत का ते बोट फिरवून बघा. मग बॉनेट उघडून मडगार्डचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. कारखान्यात बॉडी रंगवताना बऱ्याच गाड्यांत हे बोल्टही सोबत रंगतात. बोल्टच्या कडांचा रंग उडाला असेल तर त्याला कधीतरी पाना लागला आहे. एकच मडगार्ड असं असेल तर त्या कोपऱ्यात काम झालं. दोन्ही बाजूंचे बोल्ट आणि दिव्यांमागची आडवी पट्टीही हललेली असेल, तर समोरून धडक बसली होती असा संशय धरून पुढचं तपासा.

कारखान्यातले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके गोल, उथळ आणि ठरावीक अंतरावर असतात. दाराचं रबर थोडं उकलून किंवा डिकीतला गालिचा उचलून ते पाहता येतात. जिथे ठिपके गायब आहेत आणि त्याऐवजी ग्राइंडरने घासलेली वेल्डिंगची रेघ आहे, तिथला पत्रा कापून नवा जोडलाय. जोडावरचा सीलंटही बोलका असतो: मशीनने लावलेला एकसारखा, हाताने लावलेला कुठे जाड कुठे पातळ. रबरांवर, वायरींवर किंवा चाकाच्या आतल्या कडेला रंगाचे बारीक तुषार दिसले तर जवळपास फवारणी झाली आहे.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान असतो. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून आधी छतावर मोजा. छताला सहसा कुणी धक्का देत नाही. दारावर छताच्या दुप्पट आकडा आला तर ते पुन्हा रंगवलंय, आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेली आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही; ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर त्यासाठी योग्य असलेलंच यंत्र लागतं. एक दार रंगवलेलं निघालं म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पार्किंगमध्ये ओरखडे येतातच. खांब, छत आणि चाकांजवळचे आतले पत्रे यांवर रंग चढला असेल तर मात्र थांबा.

काचा आणि दिव्यांवर बनवल्याचं वर्ष-महिना सांगणाऱ्या खुणा असतात. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच तीन वर्षांनी नवी, तर ती बदलली आहे. समोरची काच दगड लागून फुटते, त्याचं विशेष नाही. पण मागच्या दाराची काच, ते दार आणि त्याच बाजूचा दिवा तिन्ही नवे असतील तर वहीत लिहा आणि त्या तारखेच्या आसपासचं बिल शोधा. प्लास्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूला घड्याळासारखा छोटा गोल कोरलेला असतो: मध्ये वर्ष, बाण महिन्याकडे. टायरवर तर सरळ चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला टायरचा तिसरा संच कसा, हे विचारायला हवं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत मळकट पाण्याची रेघ दिसली, सीटखालचे स्क्रू गंजलेले असले, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असला तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. पट्ट्याच्या टोकाला तो बनवल्याची तारीखही असते. एअरबॅग उघडली की पट्टे ताणणारी यंत्रणाही बहुधा बदलावी लागते, त्यामुळे गाडीपेक्षा नवा पट्टा हा अपघाताचा धागा आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम गप्प केलेला असू शकतो.

बॉनेटखाली आणि गाडीखाली

इथे फरक शोधायचा. दहा वर्षांच्या धुळीत एकच लख्ख भाग दिसला की तिथे काम झालं. इंजिनच्या जोडातून लिक्विड गॅस्केट (जोड बंद करायची पेस्ट) बाहेर डोकावतंय का? बाजूच्या बोल्टांवर धूळ आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांवर पान्याचे चकचकीत चट्टे असतील, तर क्लचचं बिल खरं असण्याची शक्यता वाढली. टायमिंग कव्हरजवळ बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचं स्टिकर लावायची पद्धत बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. एका बाजूचा शॉक ॲब्झॉर्बर नवा आणि दुसऱ्या बाजूचा मूळचा असेल तर ते चाक कशावर तरी जोरात आदळलं होतं का ते विचारा. एरवी हे भाग जोडीने बदलतात.

स्कॅनर लावा

अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेल गाड्यांना २००४ च्या सुमारास ओबीडीचं (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून ठेवायची व्यवस्था) सॉकेट बंधनकारक झालं. साधा स्कॅनर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे सांकेतिक क्रमांक) नसले की लोक निश्चिंत होतात, पण कोड कालच पुसलेले असू शकतात. म्हणून "कोड पुसल्यापासूनचं अंतर" हा आकडा बघा. तो १२ किलोमीटर निघाला तर गाडी दाखवायला आणण्याआधी कुणीतरी सफाई केली आहे. इंजिनच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसल्या तरी तोच अर्थ, किंवा बॅटरी काढली असेल. २०१० नंतरच्या अनेक गाड्यांत कायमस्वरूपी कोडही असतात. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत, बिघाड खरोखर गेल्याचं गाडीला पटल्यावरच जातात.

जाणकाराकडे त्या कंपनीचा खास स्कॅनर असेल तर आणखी खोल जाता येतं. बऱ्याच गाड्यांत किलोमीटर फक्त मीटरमध्ये साठवलेले नसतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांच्या कंट्रोल युनिटमध्ये आणि काही कंपन्यांच्या चावीतही ते सापडतात. मीटर फिरवणारा सगळीकडे हात फिरवतोच असं नाही.

वहीकडे परत

आता पान भरलं असेल. दोन नोंदींमधले किलोमीटर वर्षांनी भागा. पहिली सहा वर्षं वर्षाला १५ हजार, आणि मग दोन वर्षांत मिळून फक्त ३ हजार, असं निघालं तर प्रश्न एकच: गाडी थांबली होती की मीटर? गाडी उभी असेल तर ब्रेक, रबर, बॅटरी, टाकीतलं इंधन यांवर परिणाम दिसेल आणि टायर जुने पण कमी झिजलेले असतील. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरची सीट बसलेली आणि म्हणे उभी होती, तर ते जमत नाही.

रिकाम्या जागांवर मालकाशी पुन्हा बोला. आरोप करू नका, वही दाखवा: "तुमच्या ८० हजार ते १ लाख १५ हजारच्या मधले कागद दिसत नाहीत, तेव्हा गाडी कुठे दाखवत होता?" पुष्कळदा उत्तर साधंच असतं: मेहुण्याकडे होती, ओळखीच्या गॅरेजमध्ये बिलाशिवाय काम व्हायचं. तसं असेल तर त्या मेकॅनिकचा पत्ता घ्या आणि त्याला गाठा.

एवढं करूनही ज्या कामाला पुरावा मिळाला नाही ते झालेलंच नाही असं धरा आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून बोला. यात टायमिंग बेल्टला पहिला नंबर: अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. बदलायची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत दिलेली असते. जे आधी येईल ते धरायचं. त्यानंतर ब्रेक ऑइल, कूलंट आणि गिअर ऑइल. गाडी घेतलीत तर ही कामं पहिल्याच आठवड्यात करून घ्या, बिलावर चॅसिस नंबर आणि मीटरचा आकडा आग्रहाने लिहून घ्या, आणि वहीतल्या शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ स्वतःच्या हाताने लिहा.